मापारी पुंजाजी आणि सहाचं कोडं

शेलूबाजारात कोणालाही विचारा, पुंजाजी मापारी कुठे भेटतील, तर माणूस त्यांच्या घराकडे बोट दाखवणार नाही. रऊफ टेलरच्या दुकानाकडे दाखवेल. हायवेवरून गावात वळलं की काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या असतात, त्यांच्या समोरच्या ओळीत तिसरं दुकान. दोन पायऱ्या, आत शिलाई मशीन, भिंतीला लागून लाकडी बाकडं. त्या बाकड्याच्या मशीनकडच्या टोकाला पुंजाजी. सकाळी आठला येणार, दुपारी जेवायला घरी जाणार, चारला पुन्हा हजर. वय बहात्तर, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा, की जीपवाला राजपाल म्हणतो, पुंजामामा नुसते शिंकले तरी मंगरूळच्या सवाऱ्या गोळा होतात.

हा आवाज कमावलेला आहे. चाळीस वर्षं पुंजाजींनी खळ्यावर धान्य मोजलं. तेव्हा ज्वारी असो, तूर असो, माप पायलीनं व्हायचं. मापारी ढिगासमोर बसायचा, पायली भरून पोत्यात ओतायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणत राहायचा. पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा. म्हणजे देणाराही ऐकतो, घेणाराही ऐकतो, आणि नंतर कोणी कोणाची गचांडी धरत नाही. यात एक रीत होती. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, लाभ, लाभ, मग दोन, दोन, दोन, मग तीन. रऊफच्या नातलगांच्या खळ्यावर तीच पायली 'बरकत' व्हायची. पण 'एक' कोणीच म्हणायचं नाही.

पुंजाजींची मोजणी कशी होती त्याची एक गोष्ट सांगतो. रामरावांच्या खळ्यावर गव्हाचं माप चाललेलं, आणि लिंबावरचं आग्यामोहोळ उठलं. जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. रामराव ताडपत्रीखाली शिरले, व्यापाऱ्यानं बैलांच्या हौदात उडी मारली, पुंजाजी थेट नाल्यात. तासाभरानं सगळे सुजलेली तोंडं घेऊन परत आले आणि लगेच वाद सुरू, की किती पायल्या झाल्या. पुंजाजींनी पायली उचलली. एक डोळा मिटलेला, वरचा ओठ कानवल्यासारखा. ढिगासमोर बसले, पायली भरली, ओतली आणि म्हणाले, "अडतीस, अडतीस." रामरावांना राहवलं नाही. त्यांनी पोती मोकळी करून सगळ्या पायल्या पुन्हा मोजायला लावल्या. बरोबर अडतीस निघाल्या. त्या दिवसानंतर पुंजाजींचं माप कोणी दुसऱ्यांदा मोजलं नाही.

शिक्षण म्हणाल तर चौथी. पण त्यांचे गुरुजी पावकी-निमकी, सवायकी-दीडकी सगळं घोकून घेत, आणि जो चुकेल त्याला ते पाढे शाळेच्या दारात उभं राहून रस्त्यावरच्या म्हशींना ऐकवावे लागत. पुंजाजी सांगतात, अडीचकीला मी एवढ्या वेळा चुकलो, की गावातल्या दोन म्हशींना ती पाठ झाली होती.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. पोतं ठेवलं की लाल आकडा उमटतो, ओरडायचं काम राहिलं नाही. पुंजाजींनी त्याचा राग धरला नाही. "काट्याले मधमाश्या चावत नाहीत, हे एक बरं," एवढंच म्हणाले आणि घरी बसले. पण मोजायची सवय घरी बसेना. त्यांच्या पत्नी सोजरबाई भाकरी थापू लागल्या की हे चुलीपाशी बसून, "लाभ, लाभ... दोन, दोन..." शेजारच्या बायांना कळायचं, मापाऱ्याच्या घरी आज पाहुणे आहेत, अकरा भाकरी झाल्या. सहा महिने सोजरबाईंनी सोसलं. मग एके दिवशी टोपी आणून हातात दिली.

"तुमी रऊफभाईच्या दुकानात जाऊन बसत जा. तिथं बटनं लय हायेत."

असे पुंजाजी त्या बाकड्यावर आले. त्याला आता नऊ वर्षं झाली. रऊफ आणि ते मित्र मात्र चाळीस वर्षांचे. रऊफ सहासष्टचा, बारीक, दाढीला मेंदी, गळ्यात टेप. तोंडानं फटकळ. आल्या गिऱ्हाईकाला म्हणणार, "पोट मागच्या दिवाळीपेक्षा दोन इंच वाढलं, कापड काय मी वाढवू?" आणि काम मात्र असं, की वाशीमहून लोक शेरवानी शिवायला येतात.

राजपालची पहिली जीप रऊफचा पेपर घेऊन येते. मागच्या वर्षी एक दिवस पुंजाजींनी पाहिलं, की रऊफ बातम्या सोडून शेवटच्या पानावर पेन्सिलनं काहीतरी भरतो आहे.

"काय रे, पेपरावर कापड बेतून राह्यला का?"

"कोडं हाये, पुंजाभाऊ. आकड्यायचं."

"पाहू दे."

"हे पाह्य. चार आडव्या वळी, चार उभ्या. घरं सोळा. एकापासून चारपर्यंत आकडे लिहाचे. एका वळीत एक आकडा एकदाच, आडव्यात बी आन उभ्यात बी. आता हे जाड रेघेनं शिवलेलं ठिगळ दिसते का? त्याच्या कोपऱ्यात पाच लिवलं, बाजूले अधिकची खूण. म्हनजे या ठिगळातल्या आकड्यायची बेरीज पाच झाली पाह्यजे. गुनिलेची खूण असली तं गुनाकार."

"ठिगळ कायले म्हनते? वावर म्हन. जाड रेघ म्हनजे धुरा, दोन वावरायमधला."

"बरं बाप्पा, वावर. तू वावर म्हन, मी ठिगळ म्हनतो. सुटलं म्हनजे झालं."

पुंजाजी हसले. ज्या माणसानं चाळीस वर्षं खंडीखंडीनं धान्य मोजलं, त्याला एक ते चार? त्यांनी पेन्सिल घेतली. वरच्या ओळीत दोन वावरं, दोन-दोन घरांची. पहिल्यात बेरीज पाच. पुंजाजींनी डोळा मिटायच्या आत लिहिलं, दोन आणि तीन. दुसऱ्यात गुणाकार सहा. तिथंही लिहिलं, दोन आणि तीन. आणि पेपर रऊफपुढे सरकवला.

रऊफनं पाहिलं आणि हसता हसता त्याच्या तोंडातली टाचणी खाली पडली. "एका वळीत दोन दुऱ्या आन दोन तिऱ्या? पुंजाभाऊ, पत्ते खेळून राह्यला का?"

आता गंमत पाहा. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. आकडेमोड चुकायची नाही, बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर, पण शेवटी कुठेतरी दोन सारखे आकडे एका ओळीत येऊन उभे राहायचे. महिनाभर पुंजाजी रोज एक कोडं बिघडवत राहिले. रऊफचं रोजचं चाराचं कोडं चहा निवायच्या आत सुटायचं. रविवारी पेपरात मोठं यायचं, सहा ओळींचं, एक ते सहा आकड्यांचं. ते रऊफ घरी न्यायचा आणि सोमवारी भरलेलं आणून मशीनमागच्या भिंतीला टाचणीनं लावायचा. गिऱ्हाईकं म्हणायची, रऊफभाई, डोकं आहे. रऊफ टेप सारखा करायचा आणि गप्प बसायचा.

मग आला बाजाराचा दिवस. दुकानात माणसांना उभं राहायला जागा नव्हती. पुंजाजींचं कोडं नेहमीप्रमाणे अडलेलं, आणि रऊफ, पँटच्या पट्ट्यावर खडू मारता मारता, सहज म्हणून बोलून गेला, "मापाऱ्याचं माप चुकलं आज बी."

लोक हसले. पुंजाजी नाही हसले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खळ्यावरच्या आवाजात म्हणाले, म्हणजे जीपवाल्यांनीही ऐकलं, "येत्या आयतवारी तुह्या पेपरातलं सहाचं कोडं मी एकट्यानं सोडवीन. इथंच बसून, दुपारच्या जोहरच्या अजानीच्या आत. नाही सुटलं, तं या बाकड्यावर पुंजाजी पुन्हा दिसनार नाही."

रऊफच्या हातातला खडू तिथंच थांबला. कारण त्याला माहीत होतं. या माणसानं एकदा आकडा उच्चारला की तो मागे घेत नाही.

घरी सोजरबाईंना बातमी पुंजाजींच्या आधी पोचली होती. त्यांनी ताट वाढलं आणि समोर बसल्या.

"नाही सुटलं तं बसान कुठं?"

"घरी."

"कोनाच्या?"

पुंजाजींनी भाजीत लक्ष घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रऊफची सून तहसीन दुकानात आली. ती जवळच्या एका गावात शाळेत गणित शिकवते, राजपालच्या जीपनं जाते-येते. जीपमध्येच तिला सगळी हकीकत कळली होती. तिनं पुंजाजींचे बिघडलेले आठ-दहा पेपर मागून घेतले आणि बाकड्यावर पसरले. मग सासऱ्याच्या डब्यातली पाच बटणं काढून पुंजाजींपुढे ठेवली.

"चाचा, याचे दोन ढीग करा बरं."

पुंजाजींनी दोन इकडे, तीन तिकडे केली.

"आनखी दुसऱ्या तऱ्हेनं?"

त्यांनी तीन इकडे, दोन तिकडे केली.

"आनखी?"

"आनखी काय? झाले की."

"एक इकडे आन चार तिकडे?"

पुंजाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं पोरीनं मिठाऐवजी साखर घातली असावी. "एका बटनाचा ढीग असते का, बाई?"

"मोजा बरं ही पाच."

"लाभ, दोन, तीन..." पुंजाजी मोजू लागले, आणि तहसीन हसायला लागली. तिनं पेपरांवर बोट ठेवून दाखवलं. त्या सगळ्या कोड्यांत पाचाचं वावर दोन-तीन, चाराचं वावर आलं की हात अडलेला, आणि एकाचा आकडा कुठेच स्वतःहून लिहिलेला नाही. शेवटी उरलेल्या घरात कोंबलेला. चाळीस वर्षं पहिल्या पायलीला 'एक' म्हटलंच नव्हतं. लाभ हा लाभ. तो देवाचा. त्याला फोडाफोडीत घ्यायचं, हे पुंजाजींच्या डोक्यात येणार कुठून?

"चाचा, अडतीस पायल्या तुमी सांगितल्या, त्यात लाभाची होती का नव्हती?"

"होती ना. नाही तं सदतीसच होतीन."

"मंग इथं बी तो मोजाचा. सगळ्यात आधी त्यालेच जागा द्या."

पुंजाजींनी पाचही बटणं पुन्हा जवळ ओढली. मग एक बटण बोटानं हळूच बाजूला सारलं. एकटं. आणि चार एका बाजूला. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते पाहून रऊफनं मशीनचं पायडल थांबवलं.

त्या संध्याकाळी त्यांनी त्या आठ-दहा पेपरांतली सगळी कोडी खोडून नव्यानं सोडवली. प्रत्येकात आधी लाभ कुठे बसतो ते शोधायचं, मग बाकीची पेरणी. घरी जाऊन सोजरबाईंच्या धुतलेल्या ओट्यावर खडूनं सहा-सहा घरं आखली आणि तुरीचे दाणे मांडायला सुरुवात केली. तहसीननं सांगितलं होतं, की जे वावर एकाच तऱ्हेनं पेरता येतं ते आधी धरा. दोन घरांत बेरीज अकरा असेल, तर पाच-सहाशिवाय पर्याय नाही. दोन घरांत गुणाकार पाच असेल, तर एक आणि पाच. वजाबाकी पाच असेल, तर सहा आणि एक. पुंजाजी हे असं पाठ करू लागले, जसं कधी काळी म्हशींना ऐकवलं होतं.

"दाळीले टाकाच्या तुरी हायेत त्या," सोजरबाई म्हणाल्या.

"आयतवारपर्यंत ठेव."

"मंग आयतवारपर्यंत वरन नाही."

शनिवारी दिवस मावळायच्या सुमारास रऊफ त्यांच्या घरी आला. एरवी येतो असा नाही. ओट्यावर बसला, तुरीचे दाणे पाहिले, टेप गळ्यातून काढून गुंडाळला, पुन्हा सोडला.

"पुंजाभाऊ, तो शब्द मांगं घे यार."

"काहून?"

"घे म्हनलं तं घे."

"तुह्यासारखा सोडवनारा म्हनते घे, म्हनजे कोडं लयच भारी असन."

रऊफनं दारातून आत पाहिलं, सोजरबाई चुलीपाशी होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मले सहाचं येत नाही."

"काय?"

"चाराचं येते. सहाचं अल्लाची कसम एकदा बी सुटलं नाही मले. त्याचं उत्तर सोमवारच्या पेपरात येते. मी सोमवारी सकाळी ते पाहून रविवारचं भरतो आन भितीले लावतो."

पुंजाजींनी हातातला तुरीचा दाणा खाली ठेवला. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग ते असे हसले की समोरच्या घरातली बेबीबाई दारात येऊन उभी राहिली. सोजरबाई हातात उलथनं घेऊन बाहेर आल्या, काय झालं म्हणून. पुंजाजींना सांगता येईना.

"दर सोमवारी, दर सोमवारी भितीले लावून राह्यला हा!"

"हास, हास," रऊफ म्हणाला. त्याचे डोळे मात्र ओले झाले होते. "पन उद्या तुले अडलं तं मले एक आकडा सांगता येनार नाही. आन तू निंगून गेला तं मी त्या बाकड्याकडे पाहत दिवसभर मशीन कशी मारू? मी मजाकमधी बोललो होतो, यार."

"मजाक तुही होती. शब्द माहा हाये," पुंजाजी डोळे पुसत म्हणाले. "चा पिऊन जाय."

रविवार उजाडला. राजपालनं पेपर आणला आणि स्वतः जीप सोडून पायरीवर बसला. मंगरूळच्या सवाऱ्या जीपमध्ये तशाच. पुंजाजी बाकड्याच्या आपल्या टोकाला, मांडीवर जाड पुठ्ठा, त्यावर पेपर, कानावर पेन्सिल. दुकानात सहा-सात माणसं. तहसीन आतल्या दाराशी उभी, पण तिला बोलायची मनाई. रऊफच्या मशीनवर एका लग्नाचा कोट चढलेला, पण सुई काही खाली उतरत नव्हती.

पुंजाजींनी पेपरला हात लावून कपाळाला लावला आणि सुरुवात केली. ओठ हलत होते, "लाभ, लाभ." आधी गुणाकार पाचाचं वावर, मग वजाबाकी पाचाचं. नऊ वाजले, दहा वाजले. वरचा अर्धा भाग भरला. अकराला सोजरबाईंनी पाण्याचा तांब्या पाठवला, तो तसाच राहिला. साडेअकराला पेन्सिल थांबली. पुंजाजींनी चौथी उभी ओळ बोटानं वरून खाली तपासली, पुन्हा तपासली.

त्या ओळीत दोन पाच होते.

राजपालनं सवारीला हातानंच थांब म्हटलं. रऊफ मशीनवरून पुढे वाकला. "एकच पाच खोड ना. तेवढंच उसव आन पुन्हा शिव."

"तू शिंपी हायेस," पुंजाजी शांतपणे म्हणाले. "मी मापारी. माप तुटलं तं ढीग मोडाचा आन पहिल्यापासून मोजाचा. मधातून जोडलेलं माप कोनी मानत नाही."

आणि त्यांनी खोडरबर घेऊन सगळं पुसलं. साडेतीन तासांचं काम. एक-एक घर. रऊफनं कपाळाला हात लावला. तहसीननं पदर तोंडावर धरला, पण ती हसत होती की घाबरली होती, हे कळलं नाही.

जोहरच्या अजानीला आता पावणेदोन तास होते.

दुसऱ्या खेपेला पुंजाजींचा वेग निराळा होता. ढीग एकदा हाताखालून गेला की मापाऱ्याला कळतं त्यात खडे कुठे आहेत. आधीची चूक कुठे झाली तेही त्यांच्या लक्षात आलं. वजाबाकी पाचाच्या वावरात सहा आणि एक, हे बरोबर होतं, पण कोणता वर आणि कोणता खाली, हे त्यांनी घाईनं ठरवलं होतं. या वेळी ते वावर तसंच मोकळं ठेवलं. आजूबाजूचं भरत गेले. साडेबाराला वरच्या तीन ओळी झाल्या. मग त्यांनी सगळ्यात खालची, सहावी धरली.

त्या ओळीत डावीकडे तीन घरांचं एक वावर, गुणाकार बारा. मध्ये एक सुटं घर. उजवीकडे दोन घरांचं वावर, बेरीज अकरा. पुंजाजी बारावर थांबले. बारा दोन तऱ्हांनी होतात, एक-दोन-सहा आणि एक-तीन-चार. दोन्हींत लाभ आहेच. पण सहा धरायचे, की चार?

तेवढ्यात रऊफ खाकरला. एकदा, दोनदा. पुंजाजींनी वर पाहिलं. रऊफनं टेप दोन्ही हातांनी ताणून धरला होता, जसं कोणाचं माप घेतो आहे, आणि अंगठ्याचं नख बरोबर सहाच्या इंचावर रोवलं होतं. भुवया उडवून तो टेपकडे खुणा करत होता. बिचाऱ्यानं सकाळपासून स्वतःच्या मनानं अंदाज बांधला होता आणि मित्र वाचवायला निघाला होता.

"रऊफ, टेप खाली ठेव," पुंजाजी म्हणाले. "अकरा पाच आन सहाशिवाय होत नाही. सहा तिकडे खर्च झाला. तुहा सहा मी इकडे कुठं बसवू, टोपीत?"

दुकानात असा हशा उठला की जीपमधल्या सवाऱ्या उतरून पाहायला आल्या. रऊफनं टेप गळ्यात टाकला आणि तोही हसू लागला, सगळ्यांत मोठ्यानं.

पुंजाजींनी लिहिलं. तीन, एक, चार. उजवीकडे पाच आणि सहा, कोणता कुठे ते वरच्या ओळींनी सांगितलं. सुट्या घरात दोन. त्यावरून मधल्या दोन ओळीही भरत गेल्या. मग मोकळं ठेवलेलं ते वजाबाकीचं वावर. आता तिथं खाली एक येऊच शकत नव्हता, कारण खालच्या घराच्या आडव्या ओळीत एक झाला होता. सहा खाली, एक वर. पेन्सिल कानावर गेली.

"उत्तर तं उद्याच्या पेपरात येईन," पायरीवरून राजपाल म्हणाला. "मंग आज कसं कळन बराबर हाये का?"

पुंजाजींनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "माप कोनाच्या पेपरानं तपासते का? हे पाह्य. एकापासून सहापर्यंत बेरीज एकवीस. प्रत्येक वळीत एकवीस आली पाह्यजे, सहा आडव्या, सहा उभ्या. मंग धुऱ्याधुऱ्यानं वावरं. ऐक."

आणि ते उभे राहिले. नऊ वर्षांत त्या दुकानानं तो आवाज पूर्ण ऐकला नव्हता. खळ्यावरचा, मोकळ्या रानातला आवाज. पहिली आडवी ओळ, एक-एक आकडा. एकवीस, एकवीस. दुसरी, एकवीस, एकवीस. समोरचा पानठेलेवाला चुना लावायचा थांबला. तहसीन पेपर धरून बोटानं आकडे तपासत होती, रऊफ तिच्या खांद्यावरून पाहत होता. आडव्या सहा झाल्या, उभ्या सुरू झाल्या. बारावी एकवीस म्हणेपर्यंत पुंजाजींच्या टोपीखालून घाम वाहत होता. मग वावरं, प्रत्येकाची खूण वाचून. शेवटचं वावर झालं.

तहसीननं मान वर केली. "चाचा, सगळं बराबर हाये."

कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी. राजपाल म्हणाला, आता मंगरूळच्या सवाऱ्यांचं भाडं पुंजामामाच देणार. पुंजाजी खाली बसले. आपल्या टोकाला, मशीनकडे. दोन्ही हात बाकड्याच्या लाकडावर ठेवले, जसं कोणी बैलाच्या पाठीवर ठेवतो.

रऊफनं पेपर हातात घेतला. टाचणी काढली. भिंतीकडे गेला आणि थांबला. मग वळून, दुकानात जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "लोकहो, आइका. या भितीवर दर सोमवारी जे लागत होतं, ते मी सोमवारचं उत्तर पाहून भरत होतो. मले सहाचं येत नाही. हे पहिलं खरं हाये." आणि पुंजाजींचं कोडं मधोमध लावलं.

मग पानठेलेवाला म्हणाला, "रऊफभाई, मंग माही शेरवानी बी पाहूनच शिवली का?" आणि हशा पुन्हा सुरू झाला. रऊफ लाजला, दाढी खाजवली आणि मशीनवर जाऊन बसला. तेवढ्यात मशिदीतून अजान सुरू झाली. नमाजला जायला उठताना तो पुंजाजींपाशी वाकला.

"चारले येनार ना?"

"येईन ना. पन पेन्सिल आनजो. दोन."

"दोन कायले?"

"एक तुले. शिकाचं नाही का?"

तेव्हापासून रविवारी राजपाल शेलूबाजारात दोन पेपर आणतो. एक बाकड्यावर, एक मशीनवर. दोघं मागे-पुढे वाकून बसतात, आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तर आधी त्यालाच विचारतात, सातचे तीन भाग किती तऱ्हेनं होतात, सांग. उत्तर आलं तर पँट बुधवारी मिळते. नाही आलं तर तो माणूस बाकड्यावर बसतो, आणि पुंजाजी त्याच्यासाठी थोडे सरकतात.

सोजरबाईंनी तुरीची डाळ करून टाकली आहे. पुंजाजी आता घरी भाकरी मोजत नाहीत, एवढ्यानंच त्या खूश आहेत. मागच्या आठवड्यात बेबीबाईनं विचारलं, मापारीबुवा दिवसभर तिथं करतात तरी काय? सोजरबाई म्हणाल्या, "शाळेत जाऊन राह्यले. पाचवीत."

रऊफचं सहाचं कोडं अजून एकदाही अजानीच्या आत सुटलेलं नाही. पण मागच्या रविवारी त्याच्या चार ओळी बरोबर आल्या, आणि पुंजाजींनी त्या उभं राहून मोजून दाखवल्या, मंगरूळपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.